ठेकेदाराची पाठवणी

थोरल्या जावेची एकदा चांगली जिरवायची, हे धाकटीने मनाशी पक्कं केलं त्याला दीड वर्ष होत आलं होतं. संधी तेवढी मिळत नव्हती.

दीड वर्षापूर्वी थोरली एका हातात लेकीचं मनगट आणि दुसऱ्या हातात जाळीचं खोकं घेऊन दारात उभी राहिली होती. खोक्यात राखाडी ससा. लेकीच्या हट्टापायी आणलेला, आणि दोन महिन्यांत सोफ्याला भगदाड, दोन चार्जर आणि दाराची चौकट एवढा पराक्रम करून बसलेला. लेक रडून लाल झाली होती.

"तूच ठेव बाई याला," थोरली म्हणाली. "तुझं बरं आहे. मूल ना बाळ, घर मोकळंच." आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

नऊ वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून धाकटीने जे दुःख कसंबसं घडी घालून ठेवलं होतं, ते या बाईने उभ्या उभ्या विस्कटलं. वर मागे वळूनही पाहिलं नाही. ते वाक्य धाकटीने जपून ठेवलं.

सशाने मात्र आधी तिचीच जिरवली. धाकटी घरी पडदे शिवायची. पहिल्याच आठवड्यात त्याने एका हॉटेलच्या हिरव्या पडद्याची किनार वीतभर खाल्ली, शिलाई मशीनची वायर तोडली (नशीब, बटण बंद होतं) आणि गादीच्या कोपऱ्यात हात जाईल एवढा खड्डा केला. नवरा कामावरून आला, खड्ड्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "खणतो आणि बुजवत नाही. हा नक्कीच ठेकेदार!" ते नाव त्याला चिकटलं.

धाकटीने कंबर कसली. टेबलाच्या पायांना व्हिनेगर चोळलं, तर ठेकेदाराने ते चाटून पाहिलं आणि मग पाय खाल्ला. ती ओरडली, तर त्याने मागचा पाय दाणकन आपटून उलट उत्तर दिलं. नाकी नऊ आले तेव्हा ती त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"तो काही तुमच्यावर सूड उगवत नाहीये," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. "सशाचे दात जन्मभर वाढतात आणि जमीन उकरणं त्याच्या रक्तात आहे. थांबवायला जाल तर हराल. त्याला हक्काची जागा द्या आणि हक्काच्या वस्तू द्या."

मग नसबंदीच्या छोट्या ऑपरेशनने त्याची रग उतरली. पडद्यांची मापं काढायचा खाकी कागद फाडून, माती मिसळून धाकटीने मोठं खोकं भरलं, खणायला. नळाच्या पाइपला उभी चीर देऊन सगळ्या वायरी आत घातल्या. कुरतडायला तुतीच्या काटक्या आणल्या. आणि कोपऱ्यात गवताचा ढीग, जो कधीही संपू द्यायचा नाही. सोफ्याकडे वळला की ओरडायचं नाही, उचलून खोक्यात ठेवायचं. दिवसातून पन्नास वेळा असलं तरी. सहा महिने गेले यात. पण मग ठेकेदार असा वळणावर आला की कात्रीचा आवाज झाला की पळत येऊन कागदाची पट्टी मागायचा. पुतणी फोन करून विचारायची, "काकू, आज त्याने काय केलं?" आणि काकू तिखटमीठ लावून सांगायची.

तेच थोरलीच्या कानावर गेलं असणार. नव्या घरात राहायला गेल्यावर महिन्याभरात ती आली. घराचं कौतुक सांगून झालं. सायीच्या रंगाचा गालिचा, मखमली खुर्च्या. मग म्हणाली, "लेक मागे लागलीय. सुधारलाय म्हणे आता तो. आणि आमचाच ना शेवटी?"

धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली. आणि त्याच क्षणी तिला दीड वर्ष हुकलेली संधी समोर दिसली.

"न्या की ताई," ती गोड आवाजात म्हणाली.

"याचं करावं काय लागतं?"

"काही नाही हो. सोडून द्या घरभर. अगदी शहाणा झालाय."

"आणि खायला?"

"तुम्ही खाल ते द्या. नखरे नाहीत त्याचे."

बोलता बोलता तिने दारामागचं गवताचं पोतं पायाने आत सरकवलं; गवत मिळालं नाही की दात गालिच्याकडे वळतील. वायरींची शंका मनात आली होती. पण नव्या घरात सगळ्या वायरी भिंतीत आहेत, हे थोरलीनेच चारदा ऐकवलं होतं. तेव्हा उरला गालिचा. तो ठेकेदाराने मधोमध फाडावा, मखमलीचे धागे घरभर उडावेत आणि थोरलीने डोक्याला हात लावून फोन करावा, एवढीच धाकटीची इच्छा होती. फोनवर काय बोलायचं तेही तिने पाठ करून ठेवलं: "अगंबाई! तुमच्याकडे तर मूल आहे, बाळ आहे, तरी एक ससा सांभाळता येईना?"

पहिल्या दिवशी फोन आला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला.

"अगं, तू उगाच बाऊ करायचीस!" थोरलीचा आवाज खुशीत होता. "एका धाग्याला तोंड लावलं नाही हो त्याने. टेबलाखाली बसून असतो गुपचूप. कालपासून तर बिस्किटाकडेही बघत नाही. वळण लावणारं माणूस लागतं, दुसरं काय!"

धाकटीच्या हातातलं कापड खाली पडलं. "लेंड्या टाकल्या का त्याने?"

"शी! काय विचारतेस? कालपासून एकही नाही. इतका स्वच्छ आहे."

 ठेकेदार काही कुरतडत नाही, म्हणजे शहाणा झाला नाही. तो मरायला टेकलाय. गवत बंद झालं की सशाचं पोट बंद पडतं, आणि पोट बंद पडलं की हातात जेमतेम एक दिवस असतो. डॉक्टरीणबाईंनी हे तिच्याकडून पाठ म्हणून घेतलं होतं, आणि सूडाच्या भरात तिने त्याकडे डोळेझाक केली होती.

ती मशीनवरून उठली ती तशीच, गॅस तेवढा बंद करून धावली. थोरलीच्या दारात चप्पलही न काढता आत शिरली, टेबलाखालून ठेकेदाराला बाहेर ओढलं. पोट दगडासारखं घट्ट, कान गार. त्याला खोक्यात घालून ती दवाखान्याकडे धावली. थोरली आणि पुतणी मागोमाग आल्या.

डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, पिचकारीने पातळ लापशी भरवली, पोट चोळलं. मग ससा तीन दिवस कुणाकडे होता आणि काय खात होता ते विचारून थोरलीकडे वळल्या. "गवताशिवाय ससा ठेवता? बिस्किटांवर? शिकली-सवरलेली माणसं तुम्ही! जीव घेत होता त्याचा."

थोरलीची मान खाली गेली. जिला बोलताना कधी अडखळलेलं कुणी पाहिलं नव्हतं, ती आता पदराने डोळे पुसत होती. धाकटीला याच दृश्याची दीड वर्ष भूक होती. खोटं कशाला बोला, पहिला घास गोड लागलाही.

दुपार टळता टळता ठेकेदाराने गवताची एक काडी तोंडात घेतली आणि चावली. "वाचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

थोरली धाकटीजवळ आली. "तूच घेऊन जा त्याला. आम्हाला नाही जमायचं. माझंच चुकलं."

झालं. ससा मिळाला, थोरली चारचौघांत रडली, गालिचा न फाटताही सूड पुरा झाला. आता धाकटीने फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात पुतणीने तिची बाही ओढली. "काकू, बिस्किटं मी दिली. रोज तीन-तीन. माझ्यामुळे मरत होता ना तो?"

दहा वर्षांची पोर.  धाकटीने थोरलीकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"तुझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "आईमुळेही नाही. तुझ्या आईने मला विचारलं होतं, काय करावं लागतं. मला सगळं माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"विसरलीस?" पुतणीने विचारलं.

"नाही. मुद्दाम."

 का, हे थोरलीने विचारलं नाही. बहुधा दीड वर्षापूर्वीचं स्वतःचं वाक्य तिला आठवलं असावं.  पुतणीने बाही सोडली, सशाचं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या पलीकडे नेऊन ठेवलं.

"काकू," ती खोक्याकडे बघतच म्हणाली, "गवत कुठे मिळतं, ते आईला सांग."