आत येणारा बाण

मित्रांनो, आधी ओळख सांगतो, म्हणजे मागाहून घोळ नको. रुग्णालयाच्या मागच्या व्हरांड्यात, मोडक्या खुर्च्यांच्या पलीकडे भिंतीला पाठ लावून उभा आहे ना, तो जुना फळा म्हणजे मी. येणारे-जाणारे माझ्यावर ओल्या छत्र्या टेकवतात. एकाने तर माझ्या कोपऱ्यावर टॉवेल वाळत घातला होता. मी निमूट उभा राहतो. पण खडूच्या स्पर्शाची ओढ काही केल्या जात नाही.

मला एका सुताराने बनवलं. हाताचा पक्का माणूस, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. बोलण्याच्या नादात खडू ठेवायची पट्टी त्याने तिरकी ठोकली. त्यामुळे माझे खडू जन्मभर घरंगळत डाव्या कोपऱ्यात जमले आणि लिहिणारे माझ्या नावाने खडे फोडत राहिले. काळा रंग मात्र त्याने असा झकास दिला की पांढरी रेघ लांबूनही उठून दिसायची. सुरुवातीला मी महाविद्यालयाच्या एका वर्गात होतो. तिथून मला उचलून आणलं ते गणिताच्या बाईंनी.

बाईंचं गणित म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ऐकायला पोरखेळ वाटतो. त्यांच्या सासूबाई म्हणे विचारायच्या, "एवढं शिकून ठिपके जोडतेस होय गं?" बाई हे सांगून स्वतःच पोट धरून हसायच्या. पण याच ठिपक्यांसाठी मूत्रपिंडाचे डॉक्टर त्यांना शोधत आले होते. मग रुग्णालयातच एक खोली मिळाली आणि त्या खोलीत मी.

अडचण अशी होती. कित्येक रुग्णांबरोबर किडनी द्यायला तयार असलेलं घरचं माणूस यायचं. कोणाची बायको, कोणाचा भाऊ. माया होती, तयारी होती, पण रक्त जुळायचं नाही. बाईंनी अशा प्रत्येक जोडीचं एक वर्तुळ काढलं. या जोडीतली किडनी त्या जोडीतल्या रुग्णाला चालत असेल, तर इथून तिकडे एक बाण. बाणांवरून चालत निघून परत निघालो तिथेच पोहोचलो, की कडं जुळलं. म्हणजे प्रत्येक घराने एक द्यायची आणि प्रत्येक घराला एक मिळायची. अशी कडी शोधायची पायरीपायरीची रीत, जिला अल्गोरिदम म्हणतात, ती बाई माझ्यावर रचत होत्या.

त्यातलं एक वर्तुळ शिंपीदादांचं आणि त्यांच्या बायकोचं होतं. बाई आणि डॉक्टर तिला वहिनी म्हणत. दादांना तपासणीला आणलं की वहिनी खोलीत डोकवायची.

"बाई, आमचं कोणतं हो?"

बाई बोट ठेवून दाखवायच्या.

"आणि आत येणारा बाण?"

"एकच आहे वहिनी. त्या पलीकडच्या वर्तुळातल्या बसचालकांच्या बहिणीकडून. पण आहे."

दारातून दादा म्हणायचे, "बघा, जन्मभर लोकांची मापं घेतली आणि आता माझ्याच मापाचं कुठे मिळेना!"

"गप बसा, मिळेल," असं म्हणून वहिनी त्यांच्या शर्टाची कॉलर उगीचच सारखी करायची. तिची नजर मात्र त्या एका बाणावरून हलत नसे. मलाही त्या बाणाचा लळा लागला. तो पुसला जाऊ नये, एवढंच मी मनात म्हणायचो.

एका दुपारी बाईंना माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं भलंमोठं कडं सापडलं. माझ्यावरच्या सगळ्या जोड्या त्यात बसत होत्या. दादासुद्धा.

"कमाल केलीत बाई!" डॉक्टर ओरडलेच. "यात कोणीच उरत नाही."

दोघांनाही आभाळ ठेंगणं झालं होतं. पण अशा कड्यात सगळी ऑपरेशनं एकाच दिवशी करावी लागतात. नाहीतर आपल्या माणसाला मिळाल्यावर एखादा देणारा माघार घ्यायचा. जमवाजमव झाली, दिवस ठरला, आणि आदल्या दिवशी त्यातल्या एका देणाऱ्याला सणकून ताप भरला. एक दुवा निसटला आणि सगळं कडं ढासळलं.

त्याचा ताप उतरायची वाट बघत असताना बसचालकांचा एक चुलतभाऊ पुढे आला. त्याचं रक्त थेट जुळलं. बसचालकांचं काम झालं, त्यांच्या बहिणीला किडनी द्यायची गरज उरली नाही. बाईंनी त्यांचं वर्तुळ पुसलं. त्याबरोबर दादांकडे येणारा बाणही गेला.

बाई खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिल्या. "बसचालक, दादा आणि त्या खालच्या वर्तुळातल्या शिक्षिका. तिघांचं छोटं कडं इथेच होतं, माझ्या डोळ्यांसमोर. मोठ्याच्या नादात मी ते पाहिलंच नाही."

"तुम्हाला कशाला बोल लावू?" डॉक्टर म्हणाले. "माणसाला ताप येतो, हे मला सुचायला हवं होतं."

त्यानंतर बाईंनी सगळी रीत बदलली. कडं तिघांहून मोठं करायचं नाही, आणि कोणता दुवा निसटू शकतो याचा आधीच विचार करायचा. छोटी छोटी कडी जुळत गेली. शिक्षिका बरी होऊन पेढे... नव्हे, मोठी पिशवी भरून फळं घेऊन आली. डॉक्टरांना गोड चालत नव्हतं. दादांच्या वर्तुळात मात्र बाण येईना.

बाईंनी वहिनीपासून काही लपवलं नाही. ती ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, "बाकीच्यांचं आमच्यासाठी अडवू नका. पण आमचं वर्तुळ पुसू नका, एवढं करा."

मित्रांनो, ते दिवस फार वाट बघण्याचे होते. बाईंनी खडू उचलला की मला वाटायचं, आता येईल. खडू दुसरीकडेच वळायचा. दुसऱ्यांसाठी आनंद व्हायचा, नाही असं नाही, पण त्या एका वर्तुळाशी माझा जीव घुटमळायचा. मला हात असते तर मीच तो बाण काढला असता. पण काढलेल्या बाणाने रक्त जुळत नाही, हे मला तोवर चांगलं कळलं होतं.

दादा गेले. बाई त्या सकाळी डस्टर घेऊन माझ्यापुढे आल्या, थोडा वेळ थांबल्या आणि डस्टर खाली ठेवून निघून गेल्या.

बऱ्याच दिवसांनी वहिनी एकटीच आली. दारातच उभी राहून म्हणाली, "माझी किडनी अजून आहेच की. कोणाला चालेल का?"

डॉक्टर गडबडले. "वहिनी, आता तिच्या बदल्यात तुम्हाला काहीच मिळणार नाही. मग हा त्रास कशाला?"

"यांच्यासाठी मनाची तयारी केली होती हो. ती तयारी आता मी कुठे ठेवू?"

डॉक्टरांनी तिला घाई करू दिली नाही. घरी पाठवलं, परत बोलावलं, पुन्हा पुन्हा विचारलं. तिचं उत्तर बदललं नाही.

मग बाई माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हिला परत काही यायचंच नाही. मग आपल्याला फिरून हिच्याकडे येण्याची गरज काय? कडं नको, साखळी करू." वहिनी पहिली देईल. ज्याला मिळेल, त्याच्या घरचं माणूस पुढच्याला देईल. सगळ्यांना एका दिवशी झोपवायला नको, कारण प्रत्येक घराला आधी मिळणार आणि मग ते देणार. मध्येच कोणाला ताप आला, तरी कोणाचं काही हिरावलं जाणार नाही.

बाईंनी खडू टेकवला. दादांच्या वर्तुळातून एक बाण बाहेर निघाला, पुढच्या वर्तुळात शिरला, तिथून त्याच्या पुढच्या. रेघ सरकत सरकत माझ्या चौकटीला येऊन टेकली. वर्तुळं बाकी होती, मीच संपलो होतो. बाई हसल्या, डोळे पुसले आणि राहिलेली साखळी त्यांनी संगणकावर घेतली. त्यानंतर सगळं तिकडेच होऊ लागलं आणि मी इथे आलो.

ऑपरेशननंतर वहिनी एकदा इथे, या व्हरांड्यात, मला बघायला आली होती. अजून हळू चालत होती. तिने माझ्यावर टेकवलेल्या छत्र्या बाजूला केल्या, दादांच्या वर्तुळापासून रेघेवरून बोट फिरवत चौकटीपर्यंत आली आणि बरोबरच्या डॉक्टरांना विचारलं, "पुढे कुठवर गेलं?"

"अजून चाललंय वहिनी," डॉक्टर म्हणाले.

मी तिथवर कधीच पोहोचणार नाही. ती माणसं कशी दिसतात, हसतात कशी, मला कळणार नाही, आणि त्यांना बघायची हुरहूर माझ्या लाकडात शेवटपर्यंत राहणार. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. कुठलाही फळा पुसायच्या आधी क्षणभर थांबून तो वाचा. त्यावर कोणीतरी अजून वाट बघत असेल.