चनबसप्पांच्या घरची निवडणूक

१९३७ च्या जानेवारीत मंगळवार पेठेतल्या चनबसप्पांच्या दुकानात एक नियम झाला होता. इंग्रजी कागद वाचून झाल्याशिवाय त्यात पुडी बांधायची नाही.

कागद म्हणजे रद्दी. गूळ, शेंगा आणि डाळी बांधायला चनबसप्पा साहेबांच्या क्लबातून जुनी वर्तमानपत्रं वजनावर आणत. पान मोठं, कागद जाड, शेरभर गुळालाही फाटत नाही, एवढंच त्यांचं इंग्रजीबद्दलचं मत होतं. पण पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारीत, प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक होणार होती आणि मतदारांत त्यांचं नाव आलं. उमेदवारांची माणसं पान-सुपारी घेऊन दुकानात यायला लागली, त्यांना ‘मालक’ म्हणायला लागली. आपल्या मताला एवढी किंमत असेल तर बातम्या कळायला हव्यात, असं त्यांना वाटलं. आणि घरात इंग्रजी येत होतं एकटीला, इंग्रजी सहावीत शिकणाऱ्या मुलीला, चन्नम्माला.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की चन्नम्मा पान मांडीवर पसरायची. अडलेला शब्द ती शाळेच्या डिक्शनरीत बघायची आणि सगळ्यांना सांगायची. चनबसप्पा गादीवर, त्यांचा धाकटा भाऊ गुरप्पा तराजूपाशी, आणि आतल्या दारात दोघी शेंगा फोडत बसलेल्या: चन्नम्माची आई सुंदरम्मा आणि चनबसप्पांची थोरली बहीण ईरम्मा. घरात कानडी चाले, दुकानात मराठी. महिनाभरात त्यात तिसरी भाषा आली, आणि ती फक्त निवडणुकीची होती. ईरम्माला पाण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, पण ‘कॉन्स्टिट्युएन्सी’ ती न अडखळता म्हणायची.

“आज कडक भाकरीला मेजॉरिटी न्हाय,” सुंदरम्मा सांगायची. “सगळे भातालाच सपोर्ट करत्यात.”

“चुलीपुढं तू, मग ऑपोझिशन मीच की,” ईरम्मा म्हणायची.

वर्तमानपत्रं मात्र आठ-दहा दिवस जुनी असत, आणि हे कोणाच्या ध्यानात राहत नसे. एका उमेदवाराची बातमी ऐकून चनबसप्पा त्याची बाजू घेऊन पेठेत भांडले. पुढच्या गठ्ठ्यातून कळलं, त्यानं अर्ज केव्हाच मागं घेतला होता.

“विथड्रॉ,” चन्नम्मानं शब्द सांगितला.

“म्हंजे तू नसलेल्या माणसासाठी भांडलास,” ईरम्मा भावाला म्हणाली.

“भांडलो ते बरोबरच हुतं, अक्का. माणूस चांगला हाय. उभा न्हाय, एवढंच.”

याच दिवसांत मंद्रूपहून वीरभद्रप्पांचा निरोप आला. त्यांच्या मुलासाठी, शिवपुत्रासाठी, चन्नम्मा पसंत होती. घर चांगलं, जमीन चांगली, मुलगा निर्व्यसनी. अट एकच होती: शाळा आत्ताच सोडायची आणि लग्न वैशाखात. पुढच्या वर्षीची मॅट्रिक गेलीच म्हणायची. चनबसप्पांनी बाजारात चार माणसांदेखत ‘बघू, व्हईल’ म्हटलं होतं, आणि व्यापाऱ्याचं ‘व्हईल’ म्हणजे होकारच. चन्नम्मानं घरात सांगितलं, “मला मॅट्रिक व्हायचंय.” पण तिला कोणी विचारलं नव्हतं. बाकीच्यांना विचारलं तेव्हा प्रत्येकानं या घराच्या रीतीप्रमाणे उत्तर दिलं: “तुमी म्हनाल तसं.”

मतदानाच्या दिवशी चनबसप्पा नवा रुमाल बांधून गेले आणि फुललेल्या चेहऱ्यानं परत आले.

“पडद्याआड एकटाच असतोय मी,” ते सांगू लागले. “सगळ्यांची पानं खाल्ली, सगळ्यांना व्हय म्हणलं, आणि खूण केली ती माझ्या मनासारखी. कुणाच्या बाला कळायचं न्हाय. काय म्हणत्यात ग त्याला?”

“सीक्रेट बॅलट, अप्पा.”

“लई सुखाची गोष्ट हाय.”

सुंदरम्मा शेंगा फोडायची थांबली. “मग मंद्रूपचं पण तसंच ठरवू की,” ती म्हणाली.

चनबसप्पा हसले. या घरात त्यांच्याविरुद्ध आजवर कोणी बोललं नव्हतं, तेव्हा निकाल त्यांना दिसतच होता. आणि मंद्रूपला सांगायलाही बरं, सगळं घर एकमुखानं तयार आहे. “घेऊ की मतं,” ते म्हणाले. “ज्वारी म्हंजे मंद्रूप, तूर म्हंजे शाळा. चन्नीला बी मत.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिलेबी आणली.

“मतदानाआधी वाटत्यात त्याला काय म्हणायचं, चन्नी?” सुंदरम्मानं विचारलं.

“करप्ट प्रॅक्टिस.”

“खाऊन घे,” ईरम्मा म्हणाली. “तुझ्या अप्पानं पानं खाल्ली न्हवं सगळ्यांची?”

देवाच्या खोलीत मडकं ठेवलं, शेजारी ज्वारीची आणि तुरीची अशा दोन वाट्या. ज्यानं-त्यानं आत जायचं, दार लोटायचं, एक दाणा टाकायचा. सगळं ठरलं आणि गुरप्पा म्हणाला, “अण्णा, तुमी बाहेर बसून नुसत्या आवाजावरनं सांगाल कुठला दाणा पडला ते.”

हे खरं होतं. तीस वर्षं धान्यात घालवलेल्या माणसाला तूर आणि ज्वारी कानानं ओळखता येत होती. चनबसप्पांनीही नाही म्हटलं नाही. मग ईरम्मानं वाती वळायचा कापूस आणला आणि मडक्याच्या तळाला जाड अंथरला.

एकेक जण आत जाऊन आला. चन्नम्मा लगेच आली. गुरप्पा खाकरत आला. सगळ्यांत जास्त वेळ चनबसप्पांना लागला. दार लोटलेलं राहिलं, आत काही हालचाल नाही. सुंदरम्मानं दोनदा तिकडं पाहिलं. मग ते बाहेर आले आणि कोणाकडं न बघता गादीवर बसले.

मडकं चन्नम्मानं ताटात उपडं केलं. कापसाला चिकटलेला दाणासुद्धा ईरम्मानं काढून दिला.

पाच तुरी होत्या.

मग गुरप्पा म्हणाला, “अण्णा, मी तर ज्वारीच टाकली.”

“मी बी,” ईरम्मा म्हणाली.

“मग मी कशी मागं राहीन?” सुंदरम्मा म्हणाली. “माझी बी ज्वारीच.”

चन्नम्मानं पदराआड तोंड लपवलं, पण खांदे हलत होते. सगळ्यांनी चनबसप्पांकडं पाहिलं. त्यांनी ताटातली एक तूर उचलली, दुकानात बघतात तशी उजेडात धरून बघितली.

“दाणा चांगला हाय,” ते म्हणाले. “वळसंगचा माल.”

“अप्पा,” चन्नम्मा म्हणाली, “एक तूर तुमची हाय.”

“असंल. कँडिडेटनं स्वतःलाच मत द्यावं, असं कुठं छापून आलंय का?”

“न्हाय, अप्पा. कुठंच न्हाय.”

मग हसू गुरप्पाला आवरेना, आणि ते सगळ्या घरात पसरलं. दुकानाच्या पायरीवर गुळासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकानं आत डोकावून विचारलं, “कोण निवडून आलं?”

“आमची चन्नी,” ईरम्मा म्हणाली.

मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी चनबसप्पा स्वतः गेले. निरोप्याकडून नकार कळवणं त्यांना बरं वाटलं नाही. वीरभद्रप्पांनी ऐकून घेतलं. घरात मतदान झालं आणि मुलगी मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचा विचार नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

“विरुद्ध कोण गेलं?” त्यांनी विचारलं. “वहिनी?”

“ते सांगता येत न्हाय. कायदाच तसा हाय.”

“तुमी तरी आमच्या बाजूनं होता न्हवं?”

चनबसप्पांनी पुढं आलेल्या तबकातलं पान उचललं, सावकाश तोंडात घातलं.

“ते बी सांगता येत न्हाय,” ते म्हणाले.