उतारावर थांबेल असा ट्रक

माझ्या नवऱ्याने चौदा महिने करोल बागेत गाड्यांची सीट कव्हरं विकली आणि मी चौदा महिने ते गप्प बघत बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही हो. दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात मी वॉर्डाची सिस्टर आहे. माझी चाहूल लागली तरी पेशंट चादर सारखी करतात. पण घरात मात्र काय बोलावं तेच सुचत नव्हतं.

वाल्मीक, म्हणजे आमचे हे, मूळचे मोटार मेकॅनिक. जयपूर, चंदीगड, आग्रा, कुठेही गाडी बंद पडली की ती ओढून दिल्लीला आणायची, हे त्यांचं काम. इकडे त्याला टोचन म्हणतात. पुढे आपली गाडी, मागे बंद पडलेली, मध्ये लोखंडी दांडा. मागच्या गाडीत स्टिअरिंग धरायला एक माणूस लागतो. तिथे सूर्यकांत भाऊजी बसायचे, ह्यांचे नागपूरपासूनचे दोस्त. एकदा जयपूरला गिऱ्हाइकाने घाई केली. गाडी चांगली दांडगी, आणि ओढायला आमची जीप. कमी पडणार हे ह्यांना कळत होतं, तरी निघाले. एका उतारावर मागच्या गाडीने जीपला असं ढकललं की दोन्ही गाड्या खड्ड्यात. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. भाऊजींचा पाय तीन ठिकाणी मोडला.

भाऊजींनी एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच वाईट झालं. त्यांनी आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या तर हे दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले असते. त्याऐवजी ह्यांनी जीप विकली आणि नात्यातल्या एकाच्या दुकानात कव्हरं विकायला बसले. घरी आले की तोंडात मिठाची गुळणी. भाजी अळणी झाली तरी सांगायचे नाहीत. मी एकदा मुद्दाम मीठच घातलं नाही, तर गुमान जेवले आणि ताट उचलून गेले! त्या दिवशी मात्र मी घाबरले. वॉर्डात अशी माणसं मी पाहिलीत. जखम भरलेली असते, पण माणूस खाटेवरून उठत नाही. मग न उठण्याचीच सवय लागते.

अठ्ठ्याण्णव साल होतं. गुडगावात नव्या नव्या मोटारींच्या शोरूम उघडत होत्या. भाऊजींना तशाच एकीत सर्व्हिसच्या काउंटरवर बसून करायचं काम मिळालं होतं. फेब्रुवारीत त्यांचा मला वॉर्डात फोन आला.

"वहिनी, लोक नव्या गाड्या घेतात आणि हायवेवर पळवतात. रोज एखादी कुठेतरी अडकते. साहेबांना ओढून आणणारा भरवशाचा माणूस पाहिजे. मी वाल्याचं नाव दिलंय. फक्त जीप चालणार नाही, ट्रक पाहिजे. सोमवारी दाखवायला आणा, नाहीतर दुसऱ्याला देतील."

"भाऊजी, ते हो म्हणणार नाहीत."

"म्हणून तर तुम्हाला फोन केला."

रविवारी सकाळी चहा देताना मी म्हटलं, "चला, जुना ट्रक बघायला जायचंय."

हे कपात बघत म्हणाले, "मला त्यातलं आता काही कळत नाही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वीस वर्षं ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगितला, तो म्हणतो काही कळत नाही! "ठीक आहे," मी म्हटलं, "मग मी एकटी जाऊन घेते. मला कळतं." आणि पायात चपला सरकवल्या. बायको खरंच एकटी जाऊन ट्रक घेऊन येईल, ही भीती त्यांना होती. आले मुकाट्याने मागून.

आम्ही राहायचो त्या वैशाली वसाहतीपासून जवळच, गाझियाबादला जीटी रोडवर खुराना नावाच्या माणसाचं जुन्या ट्रकांचं आवार होतं. आम्ही पोचलो तर दहा-बारा ट्रक ओळीने उभे. हे फाटकाशीच चहाच्या टपरीवर थांबले, पाठ करून. म्हटलं, थांबा. मी पदर खोचला आणि एकटीच आत गेले.

आणि तिसऱ्याच ट्रकावर मला नंबर दिसला. एमएच एकतीस. नागपूर!

आम्हा दिल्लीतल्या मराठी माणसांना एक खोड आहे. सिग्नलला एमएचची गाडी दिसली की आम्ही रिक्षातून वाकून वाकून आत बघतो, जशी काही आपली मावशीच बसलीय आत. आणि इथे तर थेट माझ्या माहेरचा नंबर. निळा रंग, कसा लखलखत होता! दारावर कुणीतरी हौसेने कमळ काढलेलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खोटं कशाला बोलू. आपल्या गावची गाडी आपल्याला दगा देणार नाही, असं मला अगदी आतून वाटलं. आज सांगताना लाज वाटते, पण वाटलं.

"खुरानाजी, यही लेंगे," मी जाहीर करून टाकलं. "कागज निकालिए."

खुराना इतका खूश झाला की त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"थांब."

मागून आवाज आला. हे टपरी सोडून आत आले होते. माझ्याकडे न बघता सरळ ट्रकाखाली वाकले, मग गुडघ्यावर बसले आणि शेवटी उताणे होऊन आतच शिरले. बाहेर नुसते पाय. खालून किल्लीने काहीतरी खरवडल्याचा आवाज येत राहिला.

"कौसल्या, इकडे ये. वाक."

वाकले. चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, लांब लोखंडी पट्टीवर निळ्या रंगाखाली एक आडवी, ओबडधोबड रेघ होती.

"इथे मोडलाय आणि जोडलाय. वरून रंग फासलाय. आपल्याकडचा ट्रक म्हणजे खाणीतला कोळसा वाहणारा. जन्मभर दुप्पट वजन वाहिलंय बिचाऱ्याने. ह्याला टोचन लावलं तर आग्र्याच्या आधी दोन तुकडे."

"लो जी, भाईसाहब तो जानकार निकले!" खुराना हसत म्हणाला. मेल्याला लाजसुद्धा नाही. मी त्याला असं काही सुनावलं की बाजूच्या आवारातली माणसं येऊन उभी राहिली. थोडा राग माझा माझ्यावरही होता, तोही त्याच्याच पदरात टाकला.

हे उठून अंगावरची धूळ झटकत हळूच म्हणाले, "पुरे नाटक. मला बोलतं करायला वाटेल तो ट्रक पसंत करशील तू."

मी खरंच भुलले होते, पण ते कशाला सांगू? म्हटलं, "कळलं ना? मग आता तुम्हीच बघा."

मग मात्र माणूस सुटला. एकेका ट्रकापाशी जाऊन ते माझ्याशी बोलायला लागले, आणि मी नुसती ऐकत राहिले. हा इंजिनाला झकास, पण मागे हलका, जड गाडी मागे लावली की शेपूट हलवेल. त्याचं रेडिएटर गळतं, उन्हाळ्यात जयपूरला पोचणार नाही. शेवटी अगदी कोपऱ्यातल्या एका चारशे सात मॉडेलच्या छोट्या ट्रकापाशी थांबले. रंग उडालेला, एक दिवा फुटलेला, आत कोबीची वाळकी पानं. मी नाक मुरडलं. ह्यांनी इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण काढलं, वर तळहात धरून आतून धूर किती जोराने येतो ते अजमावलं. मग चाकं काढायला लावून ब्रेक बघितले.

"ओढायचं काय, ओढतो कोणीही," ते म्हणाले. "जीपनेही ओढलंच होतं. उतारावर मागचं वजन अंगावर आलं की थांबतो कोण, ते बघायचं. तेव्हाही मला हे माहीत होतं, कौसल्या. माहीत असून निघालो."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून बाहेर आलं.

खुरानाला त्यांनी सांगितलं, मागे गाडी लावून पुलावर नेल्याशिवाय घेणार नाही. त्याने कपाळाला हात लावला, पण शेवटी स्वतःची ॲम्बेसेडर दिली. दांडा जोडला. आवाराशेजारीच रेल्वेचा उंच पूल होता, पलीकडचा उतार चांगला सरळसोट. ॲम्बेसेडरमध्ये बसायला खुरानाचा एक माणूस पुढे झाला, तेवढ्यात मी दार उघडून आत बसले.

हे धावत आले. "उतर."

"नाही उतरणार."

"वेड लागलंय का तुला? तुला काय येतं त्यातलं?"

"स्टिअरिंग सरळ धरता येतं. तुम्हीच शिकवलंय वैशालीच्या मोकळ्या रस्त्यांवर. तीन वेळा रडवलंत."

"कौसल्या, मागे कुणी बसलं की मला..." पुढचं बोलता येईना त्यांना.

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच मी बसते. उद्या गुडगावला गेलात की मागे कुणीतरी बसणारच आहे. आज मी आहे. चला, लोक बघतायत."

त्यांनी माझं दार नीट लागलंय का ते ओढून बघितलं. मग वळले आणि ट्रकात चढले.

चढावर काही कळलं नाही, ट्रक रेटून ओढत होता. पुलाच्या माथ्यावर आलो आणि समोर उतार दिसला, तसं मी स्टिअरिंग घट्ट आवळलं. ॲम्बेसेडर पुढे धावायला लागली, दांडा कडकडला, ट्रकाची पाठ अंगावर येतेय असं वाटलं. हात घामाने निसटत होते. मी भाऊजींचा पाय डोळ्यांपुढे आणायचा नाही म्हणून मोठमोठ्याने आकडे मोजत होते. अकरा म्हटलं आणि ट्रकाचे लाल दिवे लागले. तेराला धक्का बसला. पंधराला आम्ही उभे होतो, अर्ध्या उतारावर, सरळ रेषेत. मागून सगळा जीटी रोड हॉर्न वाजवत होता.

हे उतरून चालत माझ्या खिडकीशी आले. शर्ट घामाने चिंब.

"भीती वाटली?" त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हटलं.

"मलाही." हाताने तोंड पुसलं, एकदा खाली वाकून दांड्याची पिन हलवून बघितली आणि म्हणाले, "हा ट्रक रिकामा होता, वेगही नव्हता. खालून वळून परत वर जाऊ. ट्रकात विटा भरतो, आणि या वेळी जोरात उतरतो. बसतेस?"

"निघा तुम्ही," मी म्हटलं.