ऐंशीवर बंद

बॅटरीवाल्याने मुख्य खटका खाली ओढला. पंखा थांबला. आईचं ऑक्सिजनचं यंत्र मात्र घुरघुरत राहिलं. ते आता बॅटरीवर होतं.

"किती तास निघतील?" धाकट्या लेकीने विचारलं.

"तेच बघतोय, ताई. घाई करून कळत नाही."

उद्या तारांच्या दुरुस्तीसाठी नऊ तास वीज नसणार होती, आणि यंत्राशिवाय आईचा अर्धा तासही निघत नव्हता. बॅटरी सात वर्षांची. बदलायची तर आजच. भाऊ फिरतीवर, म्हणून धाकटी रजा टाकून आली होती.

आल्यापासून नणंद-भावजयीत एका बटणावरून मुकं भांडण चाललं होतं. बॅटरीचा आकडा ऐंशी टक्क्यांवर आला की वहिनी चार्जर बंद करायची. धाकटी येता-जाता तो चालू करायची. काल जेवताना तिने बोलून दाखवलंच.

"वहिनी, काटकसर बाकी कशातही कर. आईच्या श्वासात नको."

वहिनीने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला होता, एवढंच.

तीन तासांनी बॅटरीवाल्याने मापकाच्या वायरी सोडवल्या.

"मधे कधी बदलली होती का ही?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"मग कमाल आहे. अजून नव्वद टक्के दम आहे हिच्यात. आज पूर्ण भरा. उद्याचे नऊ तास काढून वर तासभर उरेल."

"सात वर्षांनी?" धाकटी म्हणाली.

"लोह-फॉस्फेटची आहे, मुळात टिकाऊ. पण काठोकाठ भरून तशीच ठेवली, तापू दिली, तर लवकर म्हातारी होते. या जुन्या चार्जरला मधेच थांबायची अक्कल नाही. कुणीतरी रोज हाताने थांबवलंय."

"तुमच्याच माणसाने बसवताना सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. "ऐंशीला बंद, विसाच्या खाली जाऊ द्यायची नाही, महिन्यातून एकदा पूर्ण. स्वयंपाकघरात तापायची, म्हणून इकडे आणली."

"सांगतो आम्ही सगळ्यांनाच. ऐकतं कोण?"

पलंगावर आईने नाकातली नळी सारखी केली.

"ही बहिणीकडे गेली तरी चार तासांत परत. तिथेही डोळा घड्याळावर."

धाकटीने गॅलरीत जाऊन ऑफिसला फोन लावला आणि रजा आठवडाभर वाढवून घेतली. आत आली तेव्हा वहिनी वायरींवरची धूळ पुसत होती.

"परवा बहिणीकडे जा. राहून ये चार दिवस."

"आणि हे कोण बघणार?"

"मी."

"तू?" वहिनीला हसू आलं. "दोन दिवस वैऱ्यासारखी चालू करत होतीस."

"चालू करता येतं, तसं बंदही करता येईल. शिकव."

वहिनीने फडकं घडी घालून ठेवलं.

"आज शंभर होऊ दे. ऐंशी परवापासून," ती म्हणाली, आणि कपड्यांची पिशवी शोधायला आत गेली.