ढगाआडचा धूर

मी घराला ऊब देणारा, भिंतीतला विस्तवाचा कोनाडा बोलतोय. शुद्धलेखन चुकलं किंवा शब्द फारच साधे वाटले तर आधीच माफी मागतो. माझं सगळं शिक्षण जाळायला आणलेल्या वर्तमानपत्रांवर झालं आणि एकही बातमी मी शेवटपर्यंत वाचू शकलो नाही. त्याआधीच ती माझ्या पोटात जायची.

विलायतेत यॉर्कशरच्या डोंगरावर आमची दगडी घरांची गल्ली आहे. क्लिफर्डच्या आजोबांनी मला बांधलं. पहिल्याच दिवशी मी इतका धूर केला की आजी म्हणाली, याला आधी खोकायचं थांबवा. आता घरात म्हातारा क्लिफर्ड आणि त्याची बायको हिल्डा राहतात.

आमच्या गल्लीत मे उजाडला की उन्हाळा आला, मग बाहेर काहीही पडो. बायका आम्हा कोनाड्यांना घासूनपुसून काळं चकचकीत करतात आणि तोंडात घड्यांचा कागदी पंखा उभा करतात. ऑक्टोबरपर्यंत मुकाट बसायचं. कुणी आधी विस्तव पेटवलाच, तर धुराडं चुगली करतं. समोरच्या नोराने एकदा जूनमध्ये पेटवला होता. तेव्हापासून भेटेल तिथे हिल्डा तिला विचारते, "काय गं, अंगात ऊब आहे ना?"

यंदा मेमध्ये गारा पडल्या. जूनभर पाऊस. दोरीवरचे कपडे वाळायचं नावच घेईनात. खिडकीतले टोमॅटो हिरवेच राहिले, रुसल्यासारखे. क्लिफर्डच्या छातीत कफ बसला.

"हिल्डा, जरासा पेटवू या का?"

"उन्हाळा आहे. अजून एक स्वेटर घाल."

"तीन घातलेत. हात खालीच येत नाहीत. पोस्टमनला वाटतं, मी त्याला मिठी मारायला निघालोय."

एरवी ती हसली असती. पण त्याच्या छातीची घरघर तिलाही ऐकू येत होती. तिने पडदा बोटभर सारला. समोर नोराचाही पडदा बोटभर हलला. हिल्डा परत येऊन लोकर विणत बसली. चौथा स्वेटर होता तो.

जुलैत एका दुपारी डोंगरावरचा ढग थेट गल्लीत उतरला. समोरचं घर दिसेना. त्यात क्लिफर्डला अशी उबळ आली की कपातला चहा मांडीवर सांडला. हिल्डाने त्याच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि माझ्यापुढे गुडघे टेकले. पंखा काढून बाजूला ठेवला.

"ढग आहे तोवरच हं," ती माझ्या कानात कुजबुजली. जणू मी कुणाला सांगणार होतो.

मी लाजत लाजत पेटलो. क्लिफर्डने पाय पुढे केले. हळूहळू त्याचा खोकला निवला आणि तो बसल्या जागी घोरू लागला. बाहेर धुराचा वास दरवळत होता, पण हिल्डाला तो आपलाच वाटला.

मग वारा सुटला आणि ढग झरझर वर गेला. हिल्डा हातातल्या चिमट्यासकट धुराडं बघायला बाहेर धावली. समोरच्या दारात नोरा उभी, नाकाला काजळी. आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकूण एक धुराडं धूर सोडत होतं. दारादारांत माणसं माना वर करून उभी होती.

शेवटी नोरा म्हणाली, "काय गं हिल्डा, अंगात ऊब आहे ना?"

हिल्डाने चिमटा पाठीमागे लपवला. "आत ये, चहा टाकते. आणि तुझं धुराडं साफ करून घे. आमच्यापेक्षा जास्त धूर करतंय."

माझी एकच विनंती आहे. थंडी वाजली तर माणसाने महिना विचारू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाऊस होता. हिल्डा पंखा घेऊन माझ्यापुढे आली. "झाले एक दिवस लाड," ती म्हणाली. तेवढ्यात वरच्या खोलीत क्लिफर्ड एकदाच खोकला. ती क्षणभर थांबली. मग खाली वाकली आणि त्याच पंख्याने मला वारा घालू लागली.

रात्रभर राखेखाली जपलेला निखारा मी हळूच पुढे केला.