खिडकीवरचा हात

तीनच्या खेळाला काय करायचं ते बिरप्पाने ठरवून टाकलं होतं. तो सीन आला, की प्रोजेक्टरपुढच्या चौकोनी खिडकीवर पंजा ठेवायचा. बस. पिक्चर कापायची परवानगी नव्हती, बंद पाडायची तर मुळीच नाही. पण हात तर स्वतःचा होता.

*

त्याच्या आधी.

त्याचा भाचा, नाव गुंडा, मंद्रूपहून सोलापुरात येऊन यंत्रमागावर लागला होता. मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणून पिक्चर फुकट. शहात्तर सालचा उन्हाळा, आणि सगळ्या गावाच्या तोंडी एकच डायलॉग. पिक्चरमधला दरोडेखोर समोरच्याला म्हणतो, "हाथ दिखा. नसीब पढ़ता हूँ." तो बिचारा पंजा पुढे करतो. मग सुरा.

मागावर, चहाच्या गाड्यावर पोरं एकमेकांना म्हणायची, हाथ दिखा. समोरचा हसत पंजा पुढे करायचा, त्यावर टाळी बसायची. खेळच झाला होता तो.

धुळाप्पा गुंड्याच्या शेजारच्या मागावर. दोघांत पाळीवरून धुसफूस. एका सकाळी गाड्यावर धुळाप्पा म्हणाला, "हाथ दिखा." गुंड्याला वाटलं, राग गेला गड्याचा. त्याने हसत पंजा पुढे केला.

सूत कापायची सुरी होती.

*

"दादा, बोटं मिटंनात त्येची," बनाबाई म्हणाली. गुंड्याची आई. दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. "तुटल्यालं सूत कसं बांधायचं त्येनं?"

बिरप्पा खालच्या पायरीवर टेकला.

"आन् तू ते रोज दावतोस."

"मी न्हाय दावलं तर दुसरा दावंल की, बने."

"दुसऱ्याचं दुसरा बघंल. तू नगं दावूस."

*

मॅनेजर अण्णाराव पान लावत होते.

"अहो बिरप्पा, सरकारने पास केलेला पिक्चर आहे. हजारो लोक बघतात, सगळे सुऱ्या घेऊन हिंडतात का? तुम्ही तर सगळ्यांत जास्त बघितलात. कुणाला भोसकलंत?"

"न्हाय."

"मग?"

धुळाप्पाच्या हातात सुरी पिक्चरने दिली नाही, हे बिरप्पालाही कळत होतं. पण गुंड्याने हात पुढे केला, तो कशामुळे?

*

तीनचा खेळ. डोंगर, घोडे, दरोडेखोर खाली उतरतो. बिरप्पाने एका हाताने आवाजाचं बटण पिळून बंद केलं, दुसरा खिडकीवर ठेवला.

(इथे चित्र नाही.)

"ए ऑपरेटर, झोपला का रं?"

"बायको आली असंल वर!"

शिट्ट्या. बाकं आपटली. मग पुढच्या बाकांवरून कुणीतरी जिभेने टापा वाजवायला लागला. कुणी वारा झालं, कुणी रडणारी बाई. सगळ्यांना सगळं पाठ. अंधारात सीन फुगत गेला, पडद्यावर होता त्याहून कितीतरी मोठा.

"हाथ दिखा!" सगळं थेटर म्हणालं.

बिरप्पाचा पंजा उजेडाने तापला होता.

"आरं, खरा हिरो बसलाय की हितं! जामिनावर सुटलाय!" कुणीतरी ओरडलं. "धुळाप्पा, ऊठ! तू म्हण!"

टाळ्या. धुळाप्पाचं हसणं. आढेवेढे. पुन्हा टाळ्या.

आणि एक आवाज.

"न्हाय. आज मी म्हनतो."

टाळ्या थांबल्या. बिरप्पाने तो आवाज भाच्याच्या लहानपणापासून ऐकला होता. गुंडा तर मंद्रूपला होता. आईजवळ होता.

हात ठेवला तर अंधार. हात काढला तर तो सीन.

बिरप्पाने हात काढला.

डोंगराएवढा दरोडेखोर पडद्यावर उभा राहिला, आवाजाशिवाय. त्याच्या उजेडात खाली गुंडा, वरच्या खिडकीकडे पाठ करून. उजवा हात बँडेजमध्ये, गळ्यात बांधलेला. डावा पाठीमागे. डाव्या हातात काय होतं, ते वरून स्वच्छ दिसत होतं.

"गुंड्या! आरं लेकरा!"

यंत्राच्या खडखडाटात बिरप्पाचा आवाज खाली पोचला नाही. मागच्या बाकांवरच्यांनाही ती सुरी दिसली. ते उभे राहून टाळ्या पिटायला लागले.

"धुळ्या, हाथ दिखा."

धुळाप्पा बाकावरून मागे वळून उभा होता. तोंडावर पडद्याचा उजेड नव्हता, तरी हसू दिसत होतं. सगळं थेटर बघतंय म्हणून असेल, की राग गेला गड्याचा, असं वाटलं म्हणून असेल.

त्याने पंजा पुढे केला.