कल्ले नवव्या खंडापासून

हिंगणघाटच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या गंगा उईकेने पडद्यावरचं चित्र पाहिलं आणि तिचं डोकं सणकलं. चित्र तिनेच रेखाटलेलं होतं. कोकणातल्या खाडीच्या चिखलातून चित्रातला तो बोटभर समुद्री किडाही तिनेच काढला होता. शिंपल्या वेचणाऱ्या सुलोचनाबाईंनी जागा दाखवली होती. दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने त्याच्या अंगाचे खंड मोजले, जबडा रेखाटला, केस तपासले आणि ही जात नवीच असल्याचं ओळखलं. नाव सुलोचनाबाईंचं द्यायचं, हे तिने तिच्या मार्गदर्शकांना, प्रफुल्ल सरांना, सांगूनही ठेवलं होतं.

सरांनी पेपर परस्पर छापला. किड्याला नाव दिलं स्वतःच्या वडिलांचं. गंगा सापडली ती शेवटच्या आभारात, चिखल गाळणाऱ्या मजुरांच्या ओळीत. आणि आज त्याच शोधावर भाषण द्यायला कॉलेजने सरांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं.

"काही प्रश्न?" सर म्हणाले.

गंगा उठली. "सर, कल्ले कितव्या खंडापासून सुरू होतात?"

"सातव्या. पेपरात आहे."

"पेपरात आहे. किड्यात नाई."

सर हसले. "हे बघ, तुमच्या वर्ध्याकडे समुद्र नाही, तेव्हा..."

"गुडघाभर चिखलात मी उभी होती का तुम्ही?" तिचा आवाज चिरकला. तिने प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शक आणि स्पिरिटमधला एक किडा आणून मंचावर आदळल्यासारखा ठेवला. "मोजा."

सर जागचे हलले नाहीत. त्यांना बोलावणाऱ्या विभागप्रमुख जया मॅडमच वाकल्या. "सात... नाहीत. आठ, नाहीत. नवव्यावर दिसतात."

सर जेवायला थांबले नाहीत.

गंगाने तारखांसह आपल्या वह्यांचे फोटो पेपर छापणाऱ्या मासिकाकडे पाठवले. तीन महिन्यांनी दुरुस्ती छापून आली. आकडा बदलला, लेखकांत तिचं नाव आलं. किड्याचं नाव मात्र तेच राहिलं. एकदा छापलेलं नाव नियमाने बदलता येत नाही.

"झालं ना मनासारखं?" तिचा नवरा कुंदन म्हणाला. "आता काऊन चिडून राह्यली?"

"जागा त्या बाईनं दाखवली, मोजलं मी, अन् नाव त्याच्या बापाचं! जलमभर मले तेच लिहा लागन."

गंगाने टेबलावरचं सगळं बाजूला लोटलं आणि सुलोचनाबाईंच्या नावासाठी दुसरा नवा किडा शोधायला खाडीवरून आणलेल्या, अजून न तपासलेल्या बाटल्या पुढे ओढल्या.